टपाचा सहावा बोल्ट

मित्रांनो, मी जुना आहे हे माझा गंज बघून कळतंच, पण मी बोल्ट आहे हे आता सांगावं लागतं. एका जीपचा पत्र्याचा टप आम्ही सहा जणांनी धरून ठेवला होता. टप काढता येणारा होता. निदान गाडी विकणाऱ्याने तसं सांगितलं होतं.

कारखान्यात मला आटे पाडले, चकचकीत मुलामा दिला आणि जीपमधल्या एका नटाशी माझी गाठ बांधली. नट पत्र्याला आतून वेल्डिंग केलेला. दिसायचा नाही, बोलायचा नाही. संसार सुखाचा चालला होता.

सुरुवातीला मालक उन्हाळ्यात टप काढायचे. मग एकदा माझ्या भोकातून मालकीणबाईंच्या मानेवर पाणी गळलं. त्या चिडल्या. मालकांनी माफी मागितली नाही. पाना आणून मला एक पीळ दिला. त्या हसल्या. तेव्हापासून त्या घरात माफी अशीच मागायची असं ठरून गेलं. दूध उतू गेलं, मला पीळ. लग्नाचा वाढदिवस विसरले, दोन पीळ. एकदा मालक मेहुणीला जाडी म्हणाले. त्या दिवशी माझ्या डोक्याचे कोपरे झिजले. टप काढायचं मग राहूनच गेलं. लोक म्हणायचे, "गाडी काय मजबूत आहे!" मीही फुगायचो.

पुढे मालकांची फुप्फुसं बिघडली. गाडीचं दार लावलं की त्यांचा जीव कासावीस व्हायचा. महिनोन्महिने ते घराबाहेर पडले नाहीत.

"अगं, टप काढून एक चक्कर मारू," एका दुपारी ते म्हणाले. "नुसती नाक्यापर्यंत."

बाईंनी लगेच मेकॅनिकला बोलावलं. मालक अंगणात खुर्ची टाकून बसले. तेल पाजलं, हातोडीने टकटक केलं, तसे पाच बोल्ट मुकाट निघाले. माझी पाळी आली. मी फिरलो! मालकांनी टाळी वाजवली. मी फिरतच राहिलो.

"काकू, हा नुसता गरगर फिरतोय. आतला नट वेल्डिंगमधून सुटलाय. एवढा आवळला कोणी?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"भांडणं जरा कमी करायला हवी होती," मालक म्हणाले.

"माझ्या बहिणीला जाडी म्हणायचं नव्हतं."

मालकांना खोकला येईपर्यंत दोघं हसली.

"डोकं कापावं लागेल," मेकॅनिक म्हणाला. "कापायचा ग्राइंडर दुसऱ्या कामावर आहे. उद्या सकाळी आणतो."

"उद्या आण रे," मालक म्हणाले. "आम्ही कुठे पळून चाललोय?"

पहाटे मालकांना रुग्णवाहिकेतून नेलं. तिला छप्पर होतं. दारही लावलं. मेकॅनिक ग्राइंडर घेऊन वेळेवर आला आणि कुलूप बघून फाटकाशी उभा राहिला. मालक परत आले नाहीत.

बऱ्याच दिवसांनी बाईंनीच त्याला बोलावलं. त्याने माझं डोकं कापलं. टप उतरला. बाई एकट्याच नाक्यापर्यंत जाऊन आल्या.

"काकू, नवा बोल्ट बसवू?"

"बसव. पण बेताने आवळ."

मित्रांनो, माझं धड नटासकट अजून त्या पत्र्याच्या आतल्या पोकळीत पडलेलं आहे आणि डोकं अंगणात पडलंय. दोघांच्याही वतीने सांगतो: आम्हाला वर्षातून एकदा खोला, ग्रीस लावा, मग बसवा. काम नसलं तरी खोला. आणि ग्राइंडर आणायचाच असेल, तर आजच आणा.