चौदा नंबरचा बिल्ला

काल्हेरच्या गोडाऊनमधले सगळे कम्प्युटर विनिता सांभाळायची, आणि कम्प्युटर कधी खोटं बोलत नाही, हे येईल त्याला ऐकवायची. आता मात्र तिची मती गुंग झाली होती. सर्व्हरवरच्या सगळ्यांच्या सामायिक फोल्डरमधून दर शनिवारी मालाच्या याद्या गायब होत होत्या, आणि पुसणारा म्हणून दर वेळी एकच नाव दिसायचं: भरत.

भरत हा आवक नोंदवणारा कारकून, पाड्यावरून येणारा, मोजकं बोलणारा. याद्या त्यानेच केलेल्या. स्वतःचं काम स्वतःच कोण पुसेल? तो म्हणाला, गेल्या शनिवारी मी पाड्यावर भात झोडत होतो. हजेरीतही सुट्टी होती. मग पासवर्ड कुणाला तरी दिला असणार, असं विनिताने ठरवून टाकलं. तिने पासवर्ड बदलला आणि पुढच्या शनिवारी त्याला दिवसभर स्वतःसमोर बसवलं. दुपारी अकरा याद्या गेल्या. पुसणारा भरतच. विनिताने त्याच्याकडे पाहिलं, तो चहा पीत होता. तिला रडूच यायचं बाकी राहिलं.

मालक भावेशशेठला या गोंधळाशी देणंघेणं नव्हतं. यादी नाही म्हणून ट्रक खोळंबत होते. पडद्यावर नाव आहे ना, झालं तर. सोमवारी त्यांनी भरतला कामावरून काढल्याचं पत्र टाइप करायला सांगितलं, आणि विनिताने ते मुकाट्याने केलंही.

पत्र सहीला गेलं तेवढ्यात गेटवर वाद ऐकू आला, म्हणून विनिता बाहेर गेली. शेठच्याच वडप्याच्या नव्या गोडाऊनमधली ललिता सामान न्यायला आली होती आणि वॉचमन अनंता तिला आत सोडत नव्हता. तिच्या पत्र्याच्या बिल्ल्यावर चौदा होतं, आणि चौदा तर भरतचा. विनिता जागीच थबकली. वडप्याला बिल्ले पुन्हा एकपासून वाटले होते, आणि लक्षात ठेवायला सोपं म्हणून दोन्हीकडच्या एकाच सर्व्हरवरही तिने माणसांना बिल्ल्याचेच नंबर दिले होते. सर्व्हर नंबर ओळखतो, माणूस नाही; चौदा म्हणजे काल्हेरच्या पडद्यावर भरत, वडप्याच्या पडद्यावर ललिता.

"शनिवारी याद्या तू पुसतेस?" तिने विचारलं.

"जुन्या पुसायच्या ना? माझ्याच नावावर दिसतात त्या," ललिता म्हणाली.

विनिता धावतच आत गेली. भरतने आपला बिल्ला काढून टेबलावर ठेवला होता. तिने शेठना सगळं सांगितलं.

"मग पत्रात नाव कुणाचं घालू?" शेठनी विचारलं.

"माझं घाला."

शेठनी भरतचं नाव खोडलं, पण पत्र फाडलं नाही. घडी करून खिशात ठेवलं.

भरत दाराशीच उभा होता. "तुम्हीच म्हनायच्या ना ताई, कम्प्युटर खोटं बोलत न्हाय."

"नाही बोलला. मीच त्याला दोन माणसं एक म्हणून सांगितली होती."

त्याने आत येऊन टेबलावरचा बिल्ला उचलला, पण लावला नाही.

"मग आता चौदा कोन?"

"तूच," विनिता म्हणाली, आणि तिला त्याच्याकडे बघवेना.