माझ्या पानांना लागलेला गोंद

मी एक जुनी जॅमची बरणी आहे. जॅम संपला की बरणीला घरात मान राहत नाही. काही दिवस पोटात बटणं, मग खिळे, आणि शेवटी भंगार. माझ्या नशिबी मात्र विज्ञान आलं. मित्रांनो, एवढ्यात हेवा करू नका.

मला घडवलं एका सातवीतल्या मुलीने. ती दिवसभर प्रश्न विचारायची, म्हणून घरात तिला ‘चौकशी’ म्हणत. तिने माझ्या प्लॅस्टिकच्या झाकणाला भोक पाडलं, त्यातून तांब्याची तार आत सोडली आणि तारेच्या टोकाला चंदेरी कागदाची दोन पातळ पानं टांगली. वरच्या टोकाला त्याच कागदाची गोळी बसवली. माझं काम सोपं होतं. लोकरीवर घासलेली पट्टी गोळीला टेकवली की वीज पानांत उतरणार आणि पानं एकमेकांपासून दूर होणार. गोळीला बोट लावलं की पुन्हा मिटणार. वीज आहे की नाही, एवढं खरं सांगायचं. बाकी काही नाही.

चौकशीचे बाबा वायरमन होते. त्यांनी मला हातात घेऊन फिरवून पाहिलं आणि विचारलं, “हिला अर्थिंग कुठंय?”

“पुस्तकात नाही दाखवलेलं, बाबा.”

“पुस्तक लिहिणाऱ्याला शॉक बसला नसेल कधी. मी अर्थिंगशिवाय दारावरची घंटा बसवत नाही.”

त्यांनी माझ्या तांब्याच्या तारेला एक हिरवी तार अशी सुबक गुंडाळली की मला दागिना घातल्यासारखं वाटलं. तिचं दुसरं टोक त्यांनी मोरीतल्या लोखंडी नळाला चिमट्याने जोडलं. आणि प्रयोग सुरू झाला.

पानं ढिम्म हलली नाहीत.

पट्टी बदलली. पट्टीऐवजी कंगवा आणला, कंगव्याऐवजी पाइपचा तुकडा. घासायला आधी स्वेटर घेतला, मग शाल, मग बाबांचं स्वतःचं डोकं. हवा दमट असेल म्हणून मला केस वाळवायच्या यंत्राने भाजून काढलं. पानं जाड असतील म्हणून तीनदा नवी कापली. माझ्या अंगातलं सगळं काही बदललं, फक्त हिरवी तार सोडून. ते काम पक्कं होतं ना!

चौकशीने एकदा विचारलंही, “बाबा, ही तार काढून बघूया?”

“सगळं काढ, पण सुरक्षेला हात लावू नकोस,” बाबा म्हणाले.

आई भाजी निवडता निवडता म्हणाली, “अहो, गावभर दिवे लावता, आणि घरात दोन कागद हलवता येईनात?”

हे बाबांना लागलं. दुसऱ्या दिवशी चौकशीला वर्गासमोर प्रयोग करून दाखवायचा होता, आणि बाबांनी तर निम्म्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. सकाळी ती आंघोळीला गेल्यावर त्यांनी वरच्या फळीवरून गोंदाची बाटली काढली. माझी पानं बोटांनी फाकवली आणि वरच्या दुमडीत एक थेंब सोडला. तो वाळला. पानं उघडी राहिली. हिरवी तार नळावरून सोडवून, गुंडाळून त्यांनी माझ्या गळ्यात बांधली आणि मुलीला म्हणाले, “पिशवीतून काढताना हलवू नकोस. जमून आलंय.”

वर्गात मला टेबलावर ठेवल्यावर चौकशीने पाहिलं. पट्टी अजून तिच्या हातातच होती आणि माझी पानं आधीच उघडी होती. दुमडीतला गोंद चमकत होता. तिचे कान लाल झाले. चाळीस मुलं बघत होती. तिने तशीच पट्टी घासली आणि गोळीला टेकवली.

आणि मित्रांनो, तेव्हा माझ्या पानांत खरीखुरी वीज आली! इथे नळ नव्हता. जन्मात पहिल्यांदा पानांना जोर आला आणि ती नुसती थरथरली. मी खरं सांगू शकले असते, पण माझं तोंड खोटं बोलण्यासाठी उघडं चिकटवलेलं होतं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. एवढी लाज मला रिकामी असतानाही कधी वाटली नव्हती.

“आता बोट लाव,” बाई म्हणाल्या.

तिने बोट लावलं. पानं मिटली नाहीत. बाईंनी चष्मा सावरून आत पाहिलं.

“गोंद? कोणी लावला?”

चौकशीने एकदा माझ्याकडे पाहिलं. “मी लावला, बाई.”

मला सगळं ठाऊक होतं, पण बरणीला बोलता येत नाही. बाईंनी तिच्या वहीत लाल शाईने लिहिलं, ‘पानांना गोंद लावून प्रयोगात लबाडी केली. पालकांची सही आणावी.’

घरी बाबांनी विचारलं, “उघडली ना पानं?”

“उघडली,” ती म्हणाली आणि वही आईकडे दिली.

आईने शेरा मोठ्याने वाचला. मग शांतपणे म्हणाली, “गोंदाची बाटली वरच्या फळीवर असते. तुझा हात कधीपासून पोचायला लागला गं?”

बाबांनी मला उचललं, कोमट पाण्याने गोंद काढला, मला कोरडं केलं आणि नवी पानं टांगली.

चौकशी हळूच म्हणाली, “बाबा, शाळेत तार कशालाच जोडली नव्हती. तेव्हा पानं थरथरली होती.”

बाबांनी नळाकडे पाहिलं. “म्हणजे येणारी सगळी वीज मीच मोरीत सोडत होतो,” ते म्हणाले आणि पक्कड घेऊन त्यांनी हिरवी तार कापली. पट्टी टेकताच पानं फाकली. बोट लावताच मिटली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी बाबा कामाची पिशवी खांद्याला लावून, मला हातात धरून शाळेत आले. “बाई, गोंद मी लावला होता. पोरगी खोटं बोलली.”

बाईंनी वही आणि पेन त्यांच्यापुढे सरकवलं. “मग इथं तसं लिहा.”

बाबांनी लिहायला फार वेळ घेतला. लाल शेऱ्याखाली त्यांची वेडीवाकडी अक्षरं उमटली, ‘ही लबाडी माझी आहे.’ खाली सही. चौकशी मान खाली घालून शेजारी उभी होती. बाबांनी पेन ठेवलं, तेव्हा तिने त्यांच्या शर्टाची बाही धरली.

हल्ली मी शाळेच्या कपाटात असते. मित्रांनो, माझ्यावरची धूळ तुम्ही पुसली नाहीत तरी चालेल. पण ज्या दिवशी पानं उघडणार नाहीत, त्या दिवशी ती मिटलेलीच दाखवा. लोक हसतील. हसणं सोसता येतं हो. मला सोसल्या नाहीत त्या टाळ्या.