प्यो साहेबांचं जांग

सासऱ्यांनी मिठाच्या पाण्यात अंडं सोडलं आणि मला जवळ बोलावलं. अंडं तरंगून वर नाण्याएवढं दिसलं की मीठ बरोबर झालं, असं त्यांनी मला शिकवलं. हे ते मला दर वर्षी शिकवतात. फेब्रुवारीचं ऊन गच्चीवर पाय ठेवू देत नव्हतं, आणि हा गृहस्थ गवती टोपी घालून रांजणांपुढे वरबापाच्या तोऱ्यात उभा होता.

"आज आपल्या पंचांगात घोड्याचा दिवस आहे," ते म्हणाले. "जांग घालायचं ते चांद्र वर्षाच्या पहिल्या महिन्यात आणि घोड्याच्याच दिवशी. माझे आजोबा असंच करायचे."

आजोबांचं बरोबरच होतं. त्या दिवसांत कोरियातल्या आमच्या गावाची नदी गोठलेली असते. इथे ब्वेनोस आयरेसला डांबर वितळतं. सोयाबीनच्या वाळवलेल्या विटा मिठाच्या पाण्यात घातल्या की थंडीत त्या हळूहळू मुरतात आणि त्याचं जांग होतं. आमच्या घरात ते नसेल तर आमटी नाही, भाजी नाही, काहीच नाही. पण अशा उन्हात ते मुरत नाही, सडतं. हे कळायला अक्कल लागत नाही, नाक असलं तरी पुरतं.

शहराच्या या फ्लोरेस भागात उतरलेल्या बाकी कोरियन लोकांनी शिलाई यंत्रं घेतली, रात्रंदिवस कपडे शिवले आणि दुकानं थाटली. माझ्या सासऱ्यांना, म्हणजे प्यो साहेबांना, शिवणकाम हलकं वाटलं. ते गावाकडून रांजण घेऊन आले होते. पहिल्या वर्षी जांग सडलं तेव्हा ते म्हणाले, इथलं पाणी खराब. दुसऱ्या वर्षी मीठ खराब निघालं. मग इथली माणसंच खराब आहेत असं ठरलं. सासूबाईंनी एकदाच सांगून पाहिलं की या देशात थंडी ऑगस्टमध्ये पडते, तेव्हा घालून बघू. "समुद्र ओलांडला म्हणून पंचांग काय उलटं होतं?" असं म्हणून साहेबांनी विषय मिटवला.

सासूबाईंनी तो पुन्हा काढला नाही. ऑगस्टमध्ये गच्चीवरच्याच पाण्याच्या टाकीमागे स्वतःचे वेगळे रांजण भरले. एप्रिलमध्ये साहेबांचे रांजण उघडायची वेळ आली की ते सोंगट्यांच्या डावाला बाहेर गेलेले बघून त्या त्यांचा सगळा सडका माल बादल्यांनी खाली नेऊन गटारात ओतायच्या, रांजण उकळत्या पाण्याने धुवायच्या आणि टाकीमागचं जांग त्यांत भरायच्या. दुसऱ्या दिवशी साहेब चर्चच्या मंडळींसमोर झाकण उचलायचे आणि वाहवा घ्यायचे. त्या जांगावर धंदा उभा राहिला. आमच्या सगळ्या वस्तीच्या स्वयंपाकघरांत ते गेलं, खाणावळींत गेलं. बरणीवर फोटो साहेबांचा. खाली लिहिलेलं, 'प्यो घराण्याचं जांग'.

लग्न होऊन आले त्या वर्षी मी सासूबाईंना विचारलं होतं, की हे सांगून का टाकत नाही? त्या म्हणाल्या, "सांगून काय, बादल्या हलक्या होतील?" त्यांची कंबर तेव्हाच गेली होती. पुढे जिना चढताना त्या प्रत्येक पायरीवर थांबायच्या. गेल्या नोव्हेंबरमध्ये त्या वारल्या. अंत्यविधीला पाळकसाहेबांनी प्यो साहेबांच्या कष्टांवर लांबलचक भाषण केलं, आणि साहेबांनी मान खाली घालून ते ऐकून घेतलं. मला तेव्हा त्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटलं होतं.

एप्रिल आला. माझा नवरा ह्योनमो मला बाजूला घेऊन म्हणाला, "या वर्षी तू बदलून टाक ना. म्हातारा माणूस आहे. चार लोकांत शोभा नको."

"मग तू बदल," मी म्हटलं. "तुझे हात मोडलेत का?"

तो चपला घालून बाहेर निघून गेला. बापाचाच मुलगा. मीही बदललं नाही. टाकीमागे सासूबाईंच्या हातचं गेल्या ऑगस्टचं जांग भरून होतं, जिना मला चढता येत होता, कंबर धड होती. तरी मी हात लावला नाही. एकदा तरी या माणसाचं नाक कापलं जावं, एवढीच माझी इच्छा होती.

मंडळी जमली. साहेबांनी आजोबांची गोष्ट सांगितली आणि झाकण उचललं. असा भपकारा आला की पाळकसाहेब कठड्यापर्यंत मागे सरले. आत पांढरी बुरशी होती आणि तिच्यात अळ्या वळवळत होत्या. मग चर्चमधल्या पांगबाई, ज्यांच्या तोंडाला एरवी कुलूप नसतं, पुढे झाल्या. त्यांनी कडेकडेने बोट बुडवलं, चाटलं आणि डोळ्यांत पाणी आलं तरी म्हणाल्या, "दर वर्षीसारखंच झालंय."

सासऱ्यांनी झाकण परत ठेवलं. मला वाटलं, आता पाण्याला शिव्या घालतील. ते माझ्याकडे वळले.

"सूनबाई, तू या वेळी बदललं नाहीस."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा पायाखालची गच्ची तापली. या माणसाला ठाऊक होतं. खाली गटाराला आठवडाभर वास यायचा, तो यांच्याही नाकात जात होता. मंडळी जिन्याकडे सटकली, तशी मी विचारलं, की आईंची कंबर मोडत होती तेव्हा तुम्ही कुठे होता?

"मी मुद्दाम उशिरा यायचो," ते म्हणाले. "तिला वेळ मिळावा म्हणून. डाव संपला तरी बसून राहायचो."

हे ते खरोखर उपकार केल्यासारखं सांगत होते. इतकी वर्षं मी त्यांना मूर्ख समजत आले. मूर्ख माणसाला निदान माफ करता येतं.

"आता ऑगस्टचं तू बघ," ते पुढे म्हणाले. "माझं मी फेब्रुवारीत घालत जाईन. लोकांना सवय आहे."

"ऑगस्टमध्ये घालू," मी म्हटलं. "फेब्रुवारीत एक दाणा या घरात भिजणार नाही. आणि पाणी तुम्ही वाहायचं. खालच्या नळापासून. नाही तर रांजण आहेत तिथे फोडते आणि उद्यापासून माझ्या माहेरी शिवणकामाला जाते."

ह्योनमो काहीतरी पुटपुटला. मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. साहेब खाली गेले. चार महिने ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि मला ते अगदी सोयीचं झालं.

ऑगस्टच्या थंडीत एका सकाळी जिन्यावर बादली आपटल्याचा आवाज आला. बाहेर येऊन पाहिलं तर साहेब अर्ध्या जिन्यात बसले होते. विजार भिजली होती. मी मदत केली नाही. कौतुक तर मुळीच केलं नाही. ते उठले, पुन्हा नळावर गेले आणि या वेळी अर्धीच बादली भरून आणली. प्रत्येक पायरीवर थांबत ते वर आले.

मी विटा रचत होते. खालून कोपऱ्यावरच्या खाणावळीच्या मालकाने हाक मारली. तो वीस वर्षं आमचंच जांग नेतो.

"प्यो साहेब, तुमचं जांग घातलंत का? आमचा रांजण राखून ठेवा."

सासऱ्यांनी कठड्यावरून वाकून पाहिलं. त्यांना धाप लागली होती.

"माझं नाही ते," ते म्हणाले. "योम बोंगन्येचं आहे." सासूबाईंचं नाव मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

"योम बोंगन्ये?" खालून तो म्हणाला. "त्या कोण?"

माणूस खाली मान वर करून उभाच होता. सासऱ्यांनी बादली उचलली आणि सगळं पाणी संपेपर्यंत रांजणावर वाकून राहिले.