चुकीच्या रांगेतला केस

मी एक जुना केस आहे. जुना आणि लाजलेला! हसू नका मित्रांनो, केसालाही लाज वाटते.

माझा जन्म वालूरच्या हरिओमच्या डोक्यावर, मागच्या बाजूला झाला. तिथे आम्ही मजेत होतो. पण पंचविशीतच त्याचं कपाळ वर सरकू लागलं. मुली बघायला जायच्या घाईत तो कुणालाही न विचारता शहरातल्या एका स्वस्त दवाखान्यात गेला. तिथे आम्हाला मागून काढलं, चार-पाच जणांचा एकेक झुपका केला आणि कपाळावर सरळ रांगेत रोवलं. सगळे ताठ उभे, अगदी प्लॅस्टिकच्या बाहुलीसारखे! त्या दिवसापासून हरिओमने टोपी घातली, ती घरातही काढली नाही.

मग त्याच्या धाकट्या बहिणीचं, राजेश्रीचं लग्न आलं. आमच्याकडे नवरीच्या भावाला मानाचा फेटा बांधतात आणि तो नवरदेवाचा कान पिळतो. "दादा, लाल होईस्तोवर पिळ बरं!" असं तिने महिनाभर आधीच बजावलं होतं.

फेटा बांधायला दिनकरमामांनी त्याची टोपी उचलली आणि ते मोठ्याने म्हणाले, "काय रं हे हरिओम? डोक्यावर ओळीनं तूर टोकलीस का?"

सगळा मांडव हसला. मी कुठे लपणार? हरिओम टोपी घेऊन पळाला, तो थेट देवगाव फाट्यावर जाऊन बसला. नवरदेवाचा कान चुलतभावाने पिळला. राजेश्री भावाला न भेटताच सासरी गेली. आठ दिवसांनी तिचा फोन आला. "लय राग आलाय मला. केसांचा न्हाई, तू पळालास त्याचा." त्यानंतर ती बोलेनाशी झाली. मित्रांनो, मला वाटायचं, हे सगळं माझ्यामुळेच झालं.

शेवटी हरिओम परभणीला डॉक्टर मनिषाताईंकडे गेला. त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. "मागचे केस आधीच फार काढलेत. आता हेच झुपके काढू, सुटे करू आणि पुन्हा लावू. दाट होणार नाहीत. चालेल?"

"लोकांत बसता आलं तरी बास, मॅडम."

या वेळी मला एकट्याला, थोडं तिरपं लावलं. आणि महिन्याभरात मी गळूनच पडलो! पण मूळ आत होतं. चार महिन्यांनी मी हळूच डोकं वर काढलं.

वर्ष उलटलं. एक दिवस राजेश्रीचा निरोप आला. "पोरीचं जावळ काढायचंय. मामाच्या मांडीवरच काढणार. तू आला न्हाईस तर तसंच राहू दे."

हरिओम गेला. अंगणात, सगळ्यांसमोर, त्याने स्वतःच्या हाताने टोपी काढली. जुने झुपके काढले तिथे कपाळावर राहिलेले दोन खड्डे उन्हात स्पष्ट दिसत होते. मी शरमेने आणखी वाकलो. न्हाव्याने कात्री उचलताच मांडीवरच्या भाचीने वर हात करून मामाचे केस मुठीत धरले. त्यात मीही होतो.

"सोड गं, मामाचे केस तुटतेत!" राजेश्रीच्या सासूबाई ओरडल्या.

"ओढू द्या की," हरिओम म्हणाला. राजेश्री हसली, आणि पदराने डोळे पुसत त्याच्या शेजारी येऊन बसली.

खरं सांगू? मला अजूनही लाज वाटते. म्हणून मित्रांनो, घाईघाईत आपलं डोकं कुणाच्याही हाती देऊ नका. आणि असे खड्डे दिसले तर खुशाल बघा, पण मांडवाला ऐकू जाईल असं बोलू नका.