काळ्या मातीचा बांध

मी एक जुने घमेले आहे. काठ वाकडा, बुडाला भोक, आणि एका बाजूला असा पोचा की उपडे ठेवले तर डुगडुगते. मित्रांनो, मला भंगारात पाहिलेत तर तुम्ही नाक मुरडून पुढे जाल. खुशाल जा. पण आधी माझे ऐका, कारण एका घराचे शेत ज्याने वाहून नेले, ते घमेले मीच.

एका शेतकरीण बाईने मला विकत आणले. दुकानात तिने आम्हा पाच-सहा जणांना बोटाने वाजवून पाहिले आणि मला उचलले. "हे द्या. बाकीच्यांचा आवाज फुटका आहे," ती म्हणाली. पुढे कित्येक दिवस मी त्या शब्दांवर फुगून होते.

तिचे शेत ओढ्याच्या वळणावर होते. लहानसेच, पण माती काळीभोर, पाणी धरून ठेवणारी. त्या भागात पुरुषभर खोलीवर वाळूगोट्यांचा थर होता आणि त्यात सोन्याचे बारीक कण सापडायचे. म्हणून तिथली माणसे आठ महिने शेती करायची आणि उन्हाळ्यात माळावर खड्डे खणायची. मी दोन्हीकडे राबले. शेणखत वाहिले, मक्याची कणसे वाहिली, आणि उन्हाळ्यात सोन्याच्या कणांसाठी पाण्यात गोल गोल फिरून वाळूगोटेही धुतले. खड्ड्यातले कण विकून बियाणे यायचे. शेतातला मका खाऊन खड्ड्यात उतरायचे बळ यायचे. कोण कोणाला पोसते, हे विचारायची वेळच कधी आली नाही.

खणायची एक रीत होती. बाईच्या सासऱ्याने घालून दिलेली. वरची हातभर काळी माती वेगळी ठेवायची, खालची पांढरी वेगळी. काम संपले की आधी पांढरी आत आणि मग काळी वर. म्हातारा म्हणायचा, "जमीन उघडी केलीत ना? मग कपडे सुलट घाला तिला."

म्हातारा गेला आणि वर्षभरात सोन्याचे कण विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याने बाईच्या दिराच्या डोक्यात भरवले, की तो थर त्यांच्या शेताखालून जातो. झाले! दिराला झोप येईना.

"वहिनी, एकच उन्हाळा," तो म्हणाला.

"भावोजी, शेत आहे ते. माळ नाही."

तेव्हा नवरा मध्ये पडला. "अगं, काळी माती बाजूला काढून ठेवू. पावसाच्या आत जशीच्या तशी परत टाकू. बाबांची रीत थोडीच मोडतोय आपण?"

बाई कशीबशी कबूल झाली. पण ढीग कुठे घालायचा ते तिने ठरवले, ओढ्यापासून लांब, उंचावर. दोन महिने मी तिच्या डोक्यावर बसून शेताची सगळी काळी माती वर नेली. एकही घमेले तिने दुसऱ्याला उचलू दिले नाही.

मग तिची बहीण बाळंत झाली, म्हणून ती पंधरा दिवस तिकडे गेली. इकडे खड्ड्यात ओढ्याचे पाणी शिरू लागले. पांढऱ्या मातीचा बांध घातला, तो पाझरला. पुन्हा घातला, पुन्हा पाझरला.

"काळी माती धरेल पाणी," दीर म्हणाला. "ढीग नुसता पडलाय. वहिनी यायच्या आत परत नेऊन टाकू."

नवऱ्याने मान खाजवली, ढिगाकडे पाहिले, आणि मला भरले. मित्रांनो, घमेल्याला नुसता जबडा असतो, जीभ नसते. जी माती मी वर नेली, तीच मी खाली आणली. चार दिवसांत ढीग संपला आणि बांध उभा राहिला. थेंब पाझरला नाही. त्या आठवड्यात कधी नव्हे इतके कण निघाले आणि दोघा भावांनी माझी पाठ थोपटली. त्या थोपटण्याची मला अजून लाज वाटते.

एका दुपारी वरच्या डोंगरात पाऊस पडला. आमच्याकडे लख्ख ऊन होते. दोघे चहा पीत बसले होते. कप रिकामे व्हायच्या आत ओढा चढला, बांध घेऊन गेला आणि खड्डाभर, शेतभर गोटे पसरून गेला.

बाई परतली. खांद्यावरची पिशवीही न उतरवता तिने विचारले, "ढीग कुठाय?"

नवरा खाली बघत म्हणाला, "बांधाला घातला होता."

"वहिनी, पुढच्या वर्षी आपण..."

"पुढच्या वर्षी काय? मातीला पाय फुटून परत येणार आहे ती?"

दिराने मग ओढ्याच्या काठाला दगडी भिंत घातली. बैल गेला आणि झोपा केला. बाईने तरी मका पेरला, गोट्यांत बोटाने भोके पाडून. वीतभर, पिवळी रोपे आली. कापणीला साऱ्या शेताची कणसे तिने माझ्यात टाकली, तर माझे बूडही झाकले नाही. ती कितीतरी वेळ माझ्यात बघत उभी होती.

त्यानंतर आम्ही बाराही महिने माळावर खणतो. कण सापडले तर विकून मका आणायचा. नाही सापडले तर नाही. पुढच्या पेरणीच्या दिवसांत नवरा खड्ड्यात थांबून म्हणाला, "या दिवसांत आपण कधी इथे नसायचो."

"खणा," बाई म्हणाली. "संध्याकाळी खायला लागतं."

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. मी पत्रा आहे. वितळवाल, नवे कराल. पण वितळवून नवी माती करणारी भट्टी कुठे असलीच तर आमच्या बाईला जरूर कळवा. तोवर ओंजळभर माती जरी उचललीत, तरी ती खाली ठेवण्याआधी जागा बघा.