भावाचं स्वादुपिंड

ताईला वयाच्या नवव्या वर्षी मधुमेह झाला. तिच्या स्वादुपिंडाने इन्सुलिन तयार करणंच सोडलं आणि इंजेक्शनं मागे लागली ती कायमची. मोठेपणी चष्म्याच्या दुकानात ती काचा घासून फ्रेमला बसवायची. पुढे मूत्रपिंडांनीही हात टेकले. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं, नजरही अधू झाली, तेव्हा मालकाने तिला काचा घासायच्या मशीनवरून उठवून काउंटरवर बसवलं. मूत्रपिंड आणि स्वादुपिंड एकाच दात्याकडून मिळावं म्हणून यादीत नाव लागून तीन वर्षं झाली होती.

तिचा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. सगळे त्याला ढोल्या म्हणत. एके दुपारी काम करता करताच त्याच्या डोक्यातली रक्तवाहिनी फुटली. तिसऱ्या दिवशी, दोनदा तपासण्या करून, डॉक्टरांनी सांगितलं, "मेंदू मृत झालाय. छाती हलतेय ती मशीनमुळे."

अवयवदानाचं समजावायला आलेल्या बाईंनी भावजयीला आतल्या खोलीत नेलं. ताई बाहेर डॉक्टरांपाशी उभी राहिली आणि बोलू नये ते बोलून गेली.

"डॉक्टर, त्याचं मला जुळेल का?"

मागे दार उघडलेलं होतं. भावजय हातात फॉर्म घेऊन उभी होती. तिचे डोळे सुजले होते, पण त्या क्षणी ती रडत नव्हती.

"ताई, अजून अंग गरम आहे हो त्यांचं," ती म्हणाली.

ताईला धरणी दुभंगावी असं झालं. भावजयीने फॉर्म भिंतीला टेकवला, सही केली आणि डॉक्टरांकडे न बघता म्हणाली, "जुळत असेल तर द्या यांना."

जुळलं नाही. रक्तगट एकच होता; पण दोन बाळंतपणं आणि वेळोवेळी चढवलेलं रक्त यांमुळे ताईच्या रक्तात अशी द्रव्यं तयार झाली होती की, ती सख्ख्या भावाच्याच पेशींवर तुटून पडली असती. अवयव यादीतल्या दुसऱ्या माणसांसाठी काढून घेतले गेले.

महिन्याभराने डायलिसिसला गेली असताना ताईने अवयवदानाच्या त्या बाईंना गाठलं.

"दोन्ही मूत्रपिंडं आणि यकृत छान चालू आहेत," बाई म्हणाल्या. मग आवाज उतरवून, "स्वादुपिंड मात्र नाही वापरता आलं. बाहेर काढून पाहिलं तर चरबी फार होती. असलं बसवलं तर घेणाऱ्याच्याच जिवावर बेततं. स्वादुपिंडाच्या बाबतीत असं पुष्कळदा होतं."

भावजय दर रविवारी यायची. त्या प्रसंगाबद्दल ती चकार शब्द काढत नसे. एकच वाक्य मात्र हमखास असायचं : "आज कुणीतरी सुई न टोचता जेवलं असेल, ताई." ताई मान डोलवायची. खरं कळल्यावरही असे चार रविवार गेले. पाचव्या रविवारी ताईने स्वादुपिंडाचं सांगून टाकलं.

भावजयीने हातातला चहा खाली ठेवला. मग म्हणाली, "आधीच सांगायचं होतंत. मी सगळ्या शेजारपाजारात सांगत सुटले. मुलीच्या शाळेतल्या बाईंनासुद्धा सांगितलं."

"तुला त्यात बरं वाटत होतं गं."

"चरबी म्हणे!" भावजय एकदम हसली. "मी जन्मभर त्यांच्या जाडेपणावरून बोलले. मेल्यावर डॉक्टरांनीही तेच काढलं." हसता हसता तिला हुंदका फुटला. ताईने तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो झटकला नाही, पण अंग आखडून घेतलं.

निघताना चपला घालून ती दारातच थांबली.

"ताई, तुम्हाला एक सांगायचंय. त्या दिवशी 'द्या यांना' म्हटलं ना मी, तेव्हा मनात म्हणत होते, जुळू नये. एवढ्या घाईने मागितलंत तुम्ही, म्हणून."

ताईने दाराची चौकट धरली. ती म्हणाली, "मी तुझ्या जागी असते तर तोंडानेही 'द्या' म्हटलं नसतं."

"तुम्ही माझ्या जागी नव्हतात," भावजय म्हणाली आणि जिना उतरली.

पुढच्या रविवारी ती आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. फोन केला तर भाची म्हणायची, "आई कामात आहे, आत्या."

तिसऱ्या रविवारी ताई स्वतःच गेली. दोन मजले चढताना तिला तीनदा टेकावं लागलं. भावजयीने दार उघडलं, ताईचा पांढराफटक पडलेला चेहरा पाहिला आणि दंडाला धरून आत नेलं. खुर्चीत बसवून पाणी दिलं. मग म्हणाली, "असं एकटीने यायचं नाही. फोन करायचा. मी खाली येईन."

"तू घेतेस कुठे फोन?"

"घेईन," ती म्हणाली आणि ताईच्या हातातला रिकामा पेला घेऊन आत गेली.