दर दोन तासांनी

पक्कडला कुशीवर वळवायला दोन माणसं लागत. एकाने मान आणि खांदे सांभाळायचे, दुसऱ्याने कंबर आणि गुडघे, आणि ‘एक, दोन, तीन’ म्हणून एकदम वळवायचं. दर दोन तासांनी. नाहीतर एका जागी पडून पाठीची कातडी फाटते, असं हॉस्पिटलातून सोडताना नर्सने त्याच्या बायकोला तीनदा बजावलं होतं. दोघांतलं एक माणूस म्हणजे ती स्वतः. दुसरं माणूस दुपारी तीन ते सात मेकॅनिक असे. बाकीच्या वेळी शेजारपाजारचं कोणी ना कोणी सापडे, आणि नाही सापडलं तर ती एकटीच पदर खोचून भिडे.

मेकॅनिक आणि पक्कड सव्वीस वर्षं लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर जोडीने होते. पक्कड हे नाव त्याच्या हातांवरून पडलेलं. गंजलेला नट त्याने एकदा धरला की तो नट तरी सुटायचा, नाहीतर त्याचं डोकं तरी. आता तेच हात चादरीवर नुसते ठेवलेले असत. खांदे थोडे हलत, बोटं अजिबात नाही.

मेकॅनिक ख्रिस्ती होता. दर रविवारी चर्चला जायचा, लहानपणापासून, माणूस रोज दाढी करतो तसा. चुकलं तर चुकल्यासारखं वाटायचं, एवढंच. पक्कडचा कुठल्याच देवावर विश्वास नव्हता. तो त्याला ‘पाद्रीबुवा’ म्हणायचा, आणि लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना मुद्दाम मोठ्याने म्हणायचा, “पाद्रीबुवा, वर कळवा रे, एक पापी खाली चाललाय!”

अपघात झाला त्या रविवारी पाळी मेकॅनिकची होती. चर्चच्या वर्धापनदिनाला गायनात उभं राहायचं म्हणून त्याने ती पक्कडला दिली. “जा रे, गा. मला कोण गाऊ देतंय?” पक्कड म्हणाला. एका जुन्या इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना शिडीच्या तेलकट पायरीवरून त्याचा पाय सटकला. नऊ फूट. नऊ फुटांवरून मुलं खेळताना उड्या मारतात. पक्कड मानेवर पडला.

पुढचे तीन महिने मेकॅनिकला प्रार्थना करता आली नाही. डोळे मिटले की तेलकट पायरी दिसायची. शेवटी तो पाळकसाहेबांकडे गेला. पाळकसाहेब म्हातारे होते, त्यांनीच त्याचा बाप्तिस्मा केलेला. चर्चच्या मागच्या खोलीत ते स्तोत्रांच्या फाटक्या पुस्तकांना कागद चिकटवत बसले होते.

“तिथे मी असायला हवा होतो,” मेकॅनिक म्हणाला. “मग मी वाचलो तो का?”

पाळकसाहेबांनी डिंकाचं बोट फडक्याला पुसलं. “का, ते मला नाही सांगता यायचं. कुणासाठी, ते मात्र विचारून बघ.”

मेकॅनिकला विचारायची गरजच पडली नाही. चर्चच्या फाटकाबाहेर पडतानाच त्याला उत्तर मिळाल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी त्याने सकाळची पाळी मागून घेतली आणि दुपारी तीनला पक्कडच्या दारात उभा राहिला. चार मजले, लिफ्ट नसलेली इमारत.

“जन्मभर लोकांना वर पोचवलं,” पक्कड म्हणाला, “आणि मला वळवायला कोण, तर तू!”

मेकॅनिक शिकला. पाठीला तेल न लावता पावडर कशी लावायची, लघवीची पिशवी कशी बदलायची, चमचा ओठांना न टोचता कसा भरवायचा. पक्कडच्या गालावर माशी बसली की ती हाकलायची, कारण पक्कडला ती हाकलता येत नव्हती. एकावन्न वर्षांच्या आयुष्यात मेकॅनिकला पहिल्यांदा वाटलं की सकाळी उठण्याला काही कारण आहे. रविवारची वचनं कानावरून वाहून जात नव्हती, आत उतरत होती. ‘या माझ्या लहानातल्या लहान भावांपैकी एकाला जे केलं, ते तुम्ही मलाच केलं’ हे शब्द आले की त्याला पक्कडचा चमचा आणि पावडरचा डबा आठवायचा. लपवून काय ठेवायचं, तो त्या दिवसांत सुखी होता.

तेच त्याने सांगितलं. साक्षीच्या रविवारी, म्हणजे देवाचा अनुभव ज्याचा त्याने चर्चमध्ये सांगायचा त्या दिवशी, तो मंडळीपुढे उभा राहिला आणि अडखळत बोलला. मित्र पडला, मी मोडलो, मग प्रभूने मला त्याच्या बिछान्याशी नेलं आणि तिथे माझ्या जगण्याचा हेतू दाखवला. बायकांनी डोळे पुसले. पाळकसाहेबसुद्धा मोठ्याने ‘आमेन’ म्हणाले.

चार दिवसांनी मंडळीतल्या एक बाई फळांची पिशवी घेऊन पक्कडला भेटायला आल्या. मनाने निर्मळ, पण तोंडाला फाटक नाही. खुर्ची पलंगाजवळ ओढून त्या म्हणाल्या, “तुम्हाला ठाऊक नसेल, पण तुमच्यामुळे आमच्या ह्या भावांना जीवनाचा हेतू सापडला हो! त्यांची साक्ष ऐकून आम्ही सगळे रडलो.”

मेकॅनिक खिडकीशी उभा राहून पावडरचा डबा उघडत होता. त्याचा हात तिथेच थांबला.

पक्कड बाई जाईपर्यंत छताकडे बघत राहिला. जिन्यातली पावलं विरली तेव्हा म्हणाला, “इकडे ये. माझ्या तोंडासमोर उभा राहा, मला मान वळवता येत नाही.”

मेकॅनिक समोर आला.

“तुला हेतू सापडावा म्हणून माझी मान मोडली?”

“तसं नाही रे...”

“मग कसं? मी इथे मांसाचा गोळा होऊन पडलोय आणि तू तिकडे माझ्या नावावर टाळ्या घेतोस?”

“टाळ्या नाही वाजवत आमच्यात,” मेकॅनिकच्या तोंडून निघून गेलं, आणि आपण काय बोललो हे त्याला तेव्हाच कळलं.

“मी तुझा हेतूबितू काही नाही,” पक्कड म्हणाला. त्याला मोठ्याने बोलायला छातीत जोर नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं. “उद्यापासून येऊ नकोस.”

मेकॅनिकने पक्कडच्या बायकोकडे, वहिनींकडे, पाहिलं. त्या भांडी विसळत होत्या, त्यांनी वर पाहिलं नाही.

तो तीन आठवडे गेला नाही. तीन वाजले की काय करावं ते त्याला सुचेना. एकदा तो लिफ्टच्या टपावर बसून नुसता दोरांकडे बघत राहिला, वरच्या मजल्यावरच्या माणसाने हाक मारली तेव्हा भानावर आला. पाळकसाहेबांकडे गेला, तर त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“मीही आमेन म्हणालो होतो,” ते म्हणाले. “त्या माणसाला विचारावं, हे माझ्याही डोक्यात आलं नाही.”

“आता काय करू?”

“मला माहीत नाही रे.” ऐंशी वर्षांच्या माणसाने असं सरळ कबूल केलं, आणि मेकॅनिकला एकाएकी फार एकटं वाटलं.

चौथ्या आठवड्यात वहिनी त्याच्या कामाच्या जागी आल्या. एका दवाखान्याच्या इमारतीत तो दाराची पट्टी बसवत होता. वहिनी भिंतीला धरून वाकड्या उभ्या होत्या.

“भावजी, ताकाला जाऊन भांडं लपवत नाही,” त्या म्हणाल्या. “माझी कंबर धरलीय. शेजारचे आता दार वाजवलं की उशिरा उघडतात, त्यांचंही बरोबर आहे. ह्यांच्या पाठीला जखम झालीय. पंधरा दिवसांपूर्वी बटणाएवढी होती, आज तळहाताएवढी आहे.”

“त्याने बोलावलंय?”

“नाही. मी बोलावतेय.”

मेकॅनिकने हत्यारं पिशवीत कोंबली.

पक्कडने त्याला पाहून डोळे मिटून घेतले. वळवताना मेकॅनिकला जखम दिसली आणि वास आला. सव्वीस वर्षांत त्याने माणसाची बोटं लिफ्टच्या दारात चिरडलेली पाहिली होती, पण त्या दिवशी मोरीत जाऊन त्याला नळ सोडून उभं राहावं लागलं.

“अटी ऐक,” तो परत आल्यावर पक्कड भिंतीकडे तोंड करून म्हणाला. “प्रार्थना नाही. वचन नाही. माझ्याबद्दल कुठे एक शब्द नाही. वळवायचं आणि जायचं.”

“बरं.”

“आणि ती माफी मागतोस तसं तोंड करायचं नाही. पाळी तुझी होती ते मला माहीतच आहे. माफ करून माझी बोटं हलणार आहेत? आणि न करून तरी?”

“बरं,” मेकॅनिक म्हणाला.

मग तो रोज येऊ लागला. आता त्यात ते पहिलं सुख नव्हतं. जिना चढताना पाय जड व्हायचे. जखम भरेना. ड्रेसिंगला येणारी नर्स दर वेळी ‘बघू’ म्हणायची, आणि तिच्या ‘बघू’चा सूर आठवड्यागणिक खाली जात होता. वहिनी वाळत चालल्या होत्या. मेकॅनिक पाणी भरायचा, चादरी धुवायचा, वळवायचा, आणि दोन तासांनी पुन्हा सगळं होतं तिथेच असायचं.

एके दिवशी वहिनी औषध आणायला खाली गेल्या होत्या. पक्कडला ताप होता. डोळे मिटूनच तो म्हणाला, “पाद्रीबुवा.”

अपघातानंतर बऱ्याच महिन्यांनी त्याने ही हाक मारली होती.

“तुमचा तो ऐकतो ना? मग त्याला माझ्याकडून एक सांग. मला ने म्हणावं. आता बास.”

मेकॅनिकने ओला रुमाल पिळला. तो पक्कडच्या कपाळावर ठेवला.

“माझ्या तोंडून हे मागणं निघायचं नाही.”

“का? इतकी वर्षं माझ्यासाठी काय काय मागितलं असशील, मला न विचारता. आता मी सांगतोय ते माग.”

रविवारी मेकॅनिक चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसला. गुडघे टेकले. ‘ने’ म्हणावं तर त्याला त्या पायरीवरून पुन्हा एकदा ढकलल्यासारखं होतं. ‘ठेव’ म्हणावं तर त्या जखमेचा वास नाकात येत होता. ‘बरा कर’ हे तर त्याला स्वतःलाच खोटं वाटू लागलं होतं. पुढे लोक गात होते. त्याने पक्कडचं आईबापांनी ठेवलेलं नाव घेतलं आणि थांबला. पुन्हा तेच नाव घेतलं. पुढचं वाक्य काही केल्या येईना. उपासना संपली, बाकं रिकामी झाली, तरी तो गुडघ्यांवरच होता.

“सांगितलंस?” सोमवारी पक्कडने विचारलं.

“नाही. तुझं नाव घेतलं, पुढे काही सुचलं नाही.”

पक्कडने त्याच्याकडे बघून घेतलं. मग त्याचे ओठ जरासे वाकडे झाले. “सव्वीस वर्षं साहेबांना अर्ज माझ्याकडून लिहून घेतलेस. वर तरी धड अर्ज कसा जाणार तुझा?”

तो हसला, मग खोकला आला. मेकॅनिकने त्याला मागून धरून बसतं केलं, आणि खोकला थांबल्यावरही थोडा वेळ तसंच धरून ठेवलं. पक्कडने सोड म्हटलं नाही. त्याचं डोकं मेकॅनिकच्या खांद्यावर होतं, पण ते त्याने ठेवलं होतं की नुसतं पडलं होतं, हे कळायला मार्ग नव्हता.

पुढच्या आठवड्यात, बुधवारी दुपारी बाराला, पक्कड गेला. छातीत पाणी झालं होतं. मेकॅनिक तेव्हा शहराच्या दुसऱ्या टोकाला दोन मजल्यांमध्ये अडकलेल्या एका लिफ्टचं दार उघडत होता, आत एक आजी आणि तिची नात घाबरून बसल्या होत्या. तो तीनला आला तेव्हा दार उघडंच होतं. वहिनी म्हणाल्या, “शेवटी तुमची वाट बघत होते असं सांगणार नाही. ते कोणाचीच वाट बघत नव्हते.” मेकॅनिकने मान हलवली. मग दोघांनी मिळून त्याला शेवटची आंघोळ घातली.

दहा दिवसांनी पाळकसाहेबांचा निरोप आला. निराधार रुग्णांच्या वॉर्डला पलंगांची गरज होती, आणि वहिनींना पक्कडचा तो हॉस्पिटलसारखा वर-खाली होणारा पलंग डोळ्यासमोर नको होता. मेकॅनिकने पान्याने तो सुटा केला. एक-एक भाग चार मजले उतरवला. वहिनी वरून म्हणाल्या, “जपून, भावजी.” त्या पुढे आणखी काही म्हणतील म्हणून तो जिन्यात थांबला. त्या आत गेल्या.

वॉर्डमध्ये पलंग जोडून त्याने हत्यारं आवरली. पलीकडच्या खाटेवर एक माणूस कण्हत होता, एका लयीत, कोणी ऐकावं म्हणून नाही. दोन नर्स, वीस खाटा.

“तुम्ही कोण?” त्यातली एक धावता धावता म्हणाली.

“पलंग घेऊन आलो होतो.”

“मग जरा थांबा त्याच्याजवळ. डॉक्टर सहाला येतील, तोपर्यंत इंजेक्शन देता येत नाही, आणि एकटा सोडला की नळ्या ओढतो.”

मेकॅनिक स्टुलावर बसला. आपण कोण हे त्याने माणसाला सांगितलं नाही. तो कोण हेही विचारलं नाही. माणसाने नळीकडे हात नेला, तेव्हा मेकॅनिकने तो धरला. माणसाने उलट इतका जोरात धरला की बोटं दुखली. कण्हणं काही थांबलं नाही. डॉक्टर यायला अजून तास होता, असं भिंतीवरच्या घड्याळावरून दिसत होतं. त्या तासात करण्यासारखं काहीच नव्हतं. मेकॅनिकने स्टूल थोडं पुढे सरकवलं, म्हणजे माणसाचा हात ताणला जाणार नाही.